पाण्यातलं पीस आणि लोखंडाची शिडी

ती. वन्संना,

खाली वाकून नमस्कार. (वाकणं सध्या मनातल्या मनात चाललं आहे. गुडघे अजून माझं ऐकत नाहीत.) तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींनी खोकत खोकत गार पाणी पिणं सोडलं का, की अजून तुमची पाठ वळली की फ्रिज उघडतात? सूनबाईंची नोकरी, नातवाचे दात, गच्चीचा गळका कोपरा, सगळ्यांची खुशाली कळवा. यानंतर 'इकडील सर्व ठीक आहे' हे वाक्य येतं. पत्रलेखन शिकवताना ते मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलं आहे की हात आपोआप तिकडे वळतो. पण आज खोटं लिहवत नाही. इकडील सर्व जिवंत आहे, एवढंच लिहिते.

तुमच्या कानावर काहीबाही गेलंच असणार. तुमचे बंधू फोनवर बोलताना दार लावून घेतात, पण त्यांचा आवाज दाराला जुमानत नाही. "ती टाकीवर चढली होती," असं ते म्हणाले आणि पुढे बराच वेळ "नाही गं, तसं काही नाही, भांडण नव्हतं झालं," असं म्हणत राहिले, यावरून तुम्ही काय विचारलंत ते मी ताडलं. तेव्हा पहिल्यांदा हे स्पष्ट करते, की मी रुसून, रागावून किंवा जिवाला कंटाळून चढले नव्हते. मी पाणी बघायला चढले होते. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुम्ही प्रत्येक वाक्यानंतर "अगं बाई!" म्हणता आणि मग मला माझीच हकिगत ऐकून भीती वाटायला लागते. माझा स्वभाव तुम्ही जाणताच. मी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत नाही. उकळत्या पाण्याशी जवळीक करत नाही. आणि आभाळ गडगडलं की मला कपाटातल्या कपड्यांच्या घड्या नीट करायच्या असतात, तोंड कपाटात घालून. अशा बाईला टाकीवर कुणी चढवलं? तर हवापाण्याच्या अभ्यासानं.

त्याचं असं झालं, की आमच्या शाळेत नवे हेडमास्तर आले. वयानं लहान, आणि कायम हसतमुख. (चिडका माणूस परवडला, त्याच्यापासून लांब कसं राहायचं ते कळतं. हसणारा माणूस कुठूनही येतो.) त्यांनी आल्या आल्या ठरवलं, की पाणी, हवामान आणि पर्यावरण हे विषय यापुढे पुस्तकातून शिकवायचेच नाहीत, मुलांनी हातानं करून शिकायचे. आणि चौथीचा वर्ग दिला मला. आयुष्यभर मी व्याकरण शिकवलं, वन्सं. 'पर्जन्यमापक' हा समास मी झोपेतसुद्धा सोडवून दाखवीन. पण तो बाटली कापून बनवायचा म्हणजे हातात कात्री आली, आणि एकट्या माझ्या नाही, सगळ्या वर्गाच्या हातात आली. मी तो संपूर्ण तास "बोटं सांभाळा" या एकाच वाक्यावर काढला. पुढच्या तासाला बरणीत ढग करायचा होता. तळाशी गरम पाणी, वर झाकणात बर्फ, आणि मधे काडी पेटवून धूर सोडायचा. काडी पेटली तशी मी मागे सरकले आणि बर्फाच्या भांड्यात बसले. ढग मात्र झाला. मुलं त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती आणि मी ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून हसत होते, कारण वळण्याची सोय नव्हती.

मग जलचक्राचं नाटक बसवलं. एक मुलगी सूर्य झाली, अर्धा वर्ग समुद्र होऊन जमिनीवर लोळला, आणि एक मुलगा वाफ झाला. वाफ वर जाते असं मीच सांगितलं होतं, त्यामुळे तो बाकावर, बाकावरून खिडकीच्या चौकटीवर आणि तिथून कपाटावर गेला. मी म्हटलं, "अरे, उतर की आता." तर म्हणतो, "बाई, मी अजून थंड झालो नाही." शास्त्राप्रमाणे त्याचं बरोबर होतं. शेवटी सगळ्या समुद्रानं उभं राहून त्याला वह्यांनी वारा घातला, तेव्हा तो पाऊस होऊन माझ्या अंगावर पडला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कुरकुर केली नसती. पण विजेचा धडा आला. तुम्ही म्हणाल, स्वतः कपाटात तोंड घालणारी बाई विजेचं काय शिकवणार? वन्सं, भित्र्या माणसासारखं विजेचं कुणी शिकवत नाही. मी जीव ओतून शिकवलं. वीज उंच वस्तू शोधते, लोखंडाला हात लावायचा नाही, लखलखाट दिसला की आकडे मोजायचे, गडगडाटापर्यंतचे आकडे कमी कमी होत गेले की समजायचं, वादळ जवळ येतंय. आधी घरात पळायचं. आणि उघड्यावर सापडलंच तर एकमेकांपासून लांब होऊन, पाय जोडून उकिडवं बसायचं, कान झाकून, अंगाचं मुटकुळं करून. हे मुटकुळं मुलांना इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत कुणी नुसतं "वीज!" म्हणालं तरी सगळं मैदान उकिडवं बसायला लागलं. वर्गात एक मुलगी आहे, ती रोज वारा कुठून, ढग कसला, याची नोंद करते. मुलं तिला 'वेधशाळा' म्हणतात. बोलायला धीट, चढायला माकड. तिनं कापसाचे ढग चिकटवून मोठा तक्ता केला आणि मला सगळ्या ढगांची तोंडपाठ परीक्षा दिली. मीही कौतुकानं ऐकलं. पुढचं कुणाला माहीत असतं?

त्यानंतर आलं पाणी गाळणं. बाटलीत खडी, वाळू, कापूस भरायचा आणि वरून पाणी ओतायचं. मुलांनी घरून पाणी आणलं, आणि तुलना करायला एक भांडं शाळेच्या नळाचं भरलं. घरच्या पाण्यात काहीही निघालं नाही, त्यामुळे मुलांची निराशा झाली. शाळेच्या पाण्यात पीस निघालं. पांढरं, लहानसं, कापसावर बसलेलं. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आपण हेच पितो." सकाळपासून मी त्याच नळाचे दोन पेले प्यायले होते. मी सगळ्यांच्या बाटल्या ओतायला लावल्या आणि हेडमास्तरांकडे धावले. ते आनंदले. "उत्तम! प्रश्न मुलांकडून आला," म्हणाले, "आता उत्तरही त्यांच्याकडूनच येऊ दे," आणि शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या बैठकीला निघून गेले. शिपाई रजेवर होता. नळवाल्याला फोन केला तर तो "उद्या बघू" म्हणाला. बाकीचे वर्ग त्या दिवशी लवकर सुटले होते. शाळेत उरलो मी, चौथीचा वर्ग आणि ते पीस.

आमची टाकी मैदानाच्या कडेला आहे. सिमेंटचे चार खांब, वर चौकोनी टाकी, आणि एका बाजूला खांबात रोवलेली लोखंडाची उभी शिडी. दुमजली घराएवढी उंच. (हेडमास्तर नंतर म्हणाले, एवढी नाही. ते वर गेले नव्हते.) मी मुलांना फक्त खालून टाकी दाखवायला नेलं होतं. "पाणी इथून येतं," असं सांगते न सांगते तोच मुलं वर बघून हसायला लागली. बघते तर वेधशाळा शिडीवर माझ्या डोक्याच्याही वर पोचलेली. माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते माझे नव्हते, वन्सं. मी ओरडले, "उतर! आधी उतर! मी बघते वर जाऊन!"

ती लगेच उतरली. चांगल्या वळणाची मुलगी. उतरून बाजूला उभी राहिली आणि शिडीकडे हात करून म्हणाली, "जा, बाई." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. वाक्य तोंडातून गेलं की ते परत घेता येत नाही, विशेषतः व्याकरण शिकवणाऱ्या बाईला. मी चपला काढल्या, चष्मा दोऱ्यानं बांधला आणि चढले. कशी चढले ते विचारू नका, कारण मी डोळ्यांसमोरच्या सिमेंटशिवाय काही पाहिलं नाही. त्या खांबावरची एक भेग मला अजून आठवते, तिच्यात एक मुंगी होती आणि ती माझ्यापेक्षा भरभर चढत होती. वर पोचले. टाकीचं झाकण एका बाजूला सरकलेलं, त्याच्या आडोशाला कबुतरीणबाई घरटं करून बसलेल्या, काड्या आणि पिसं खाली पाण्यात. मेलेलं काही नव्हतं. मी वरूनच ओरडले, "कबुतर आहे! घरटं आहे!" खाली टाळ्या झाल्या. वन्सं, त्या टाळ्या ऐकून मी खाली पाहिलं.

मैदान लांब गेलं होतं. मुलांची डोकी सांडलेल्या मोहरीसारखी दिसत होती. माझ्या हातापायांनी एकमेकांशी बोलणंच सोडलं. मी टाकीवर बसले, पाण्याच्या पाइपला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. कबुतरीण घरट्यातून माझ्याकडे संशयानं बघत असावी. "बाई, या ना खाली!" मुलं म्हणाली. मी म्हटलं, "येते, जरा निरीक्षण करते." आणि तेवढ्यात वारा फिरला.

आधी गार झुळूक आली. मग मैदानातली धूळ उठली. खालून वेधशाळेचा आवाज आला, "बाई, तुमच्या मागं बघा, पसरट डोक्याचा ढग! ऐरणीसारखा! आमच्या तक्त्यातला शेवटचा!" मी वळून पाहिलं नाही. तक्ता मला पाठ होता. दुसरा एक आवाज म्हणाला, "बाई, वीज उंच वस्तू शोधते." तिसरा म्हणाला, "बाई, लोखंडाला हात लावायचा नाही." मी पाइप सोडला. मग चौथा म्हणाला, "पण शिडी लोखंडाचीच आहे ना, बाई?" आणि मी पाइप पुन्हा धरला. इतक्या वर्षांत माझं शिकवलेलं मुलांच्या इतकं लक्षात राहिल्याचं मी पाहिलं नव्हतं. शिकवलेलं विसरावं असं पहिल्यांदा वाटलं. तेवढ्यात लख्ख झालं. खाली सगळ्यांनी एका सुरात मोजायला सुरुवात केली. आकडे बरेच वर गेले आणि मग गडगडलं. पुढच्या वेळी तेवढे गेले नाहीत. तिसऱ्या वेळी मुलांचा सूर बारीक झाला.

आता मी खरंच ओरडले, "आत पळा! सगळे वर्गात जा!" एकही जण हलेना. मी रागावले, दम दिला, हेडमास्तरांना सांगेन म्हटलं. "तुम्ही आल्याशिवाय नाही जाणार," असं वेधशाळा म्हणाली, आणि तिचा तो धीट आवाज मधेच फाटला. पावसाचे थेंब पडायला लागले. पुन्हा वीज चमकली, आणि मी पाहिलं तर सगळी मुलं एकमेकांपासून लांब होऊन, पाय जोडून, कान झाकून उकिडवी बसली होती. मी शिकवलं होतं तशीच, एकाचंही चुकलं नव्हतं. उघड्या मैदानात सगळीकडे पसरलेली एवढीएवढीशी मुटकुळी, आणि प्रत्येकाचं तोंड वर, माझ्याकडे.

वन्सं, इथे विनोद करता येत नाही. आयुष्यात मी पुष्कळ घाबरले आहे, पण ती सगळी भीती माझी माझ्यापुरती होती. ही निराळी होती. माझ्यामुळे ती उघड्यावर बसली होती, आणि मी बसून होते म्हणून बसली होती. मी पाइप सोडला, पालथी झाले आणि एक पाय खाली सोडला. पायाला काही लागेना. मी रडत होते की पाऊस होता, सांगता येत नाही. मग अगदी खालून, शिडीच्या तोंडाशी उभी राहून वेधशाळा सांगायला लागली, "बाई, अजून थोडा खाली. डावा. हां, आता लागला. आता उजवा." "तू लांब हो शिडीपासून!" मी ओरडले. "झालेय लांब," ती तिथूनच म्हणाली. डोळे मिटून, त्या आवाजावर पाय टाकत मी उतरले. शेवटच्या पायऱ्या राहिल्यात असं तिनं सांगितलं नाही, की मी ऐकलं नाही, कोण जाणे. पण मी हात सोडला आणि चिखलात बसले. मग उठले, आणि हाताला येतील ती मुलं ओढत, ढकलत, किंचाळत वर्गाकडे पळाले. सगळी आत आली, दार लावलं, डोकी मोजली. आणि बाहेर असा कडाका झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि दिवे गेले. वीज नेमकी कुठं पडली ते अजून कळलेलं नाही. या भागातला प्रत्येक जण ती आपल्याच घरामागे पडली असं सांगतो.

अंधारात मुलं माझ्याभोवती गोळा झाली. माझे दात वाजत होते, आणि वर्ग इतका शांत होता की ते सगळ्यांना ऐकू येत होते. एवढ्यात कुणीतरी हुंदके द्यायला लागलं. ती वेधशाळा होती. मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला भीती वाटली?"

"वाटली," मी म्हटलं. "अजून वाटतेय."

"खूप?"

"खूप. बघ ना, हात बघ माझा."

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून पाहिला. हात चांगलाच थरथरत होता. "मला वाटलं फक्त मलाच वाटते," ती म्हणाली आणि डोळे पुसले. मग एकेक मूल येऊन माझा हात धरून बघून गेलं. वाफ झालेला मुलगा तर दोनदा येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील तणतणत आले. पोरं विजेत मैदानात बसवता? "तुमचं बरोबर आहे," एवढंच मी म्हटलं, आणि माझी खुर्ची आता जाते अशी मनाची तयारी केली. तर हेडमास्तर पुढे झाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "शाळेत कुणी नसताना मी यांना एकटं टाकून गेलो, दोष माझा आहे," असं ते म्हणाले. वडील आणखी थोडं ओरडले, पण आवाज उतरत गेला, आणि जाताना त्यांनी मला विचारलं, "पोरगा सांगतो, तुम्ही रडत उतरलात. खरं का?" खरं, मी म्हटलं. ते मान हलवून गेले. आता शिडीच्या खालच्या भागाला जाळी लावून कुलूप घातलं आहे. नळवाला अखेर आला. पण मुलांनी हट्ट धरला, की पिल्लं उडेपर्यंत घरटं हलवायचं नाही. म्हणून तोवर टाकी बंद आणि पाणी शेजारच्या इमारतीतून. रोज प्रत्येक वर्ग आपापली कळशी आणतो आणि 'पाणी जपून वापरा' हा धडा न शिकवताच होतो आहे.

तेव्हा वन्सं, मी ठीक आहे. अंग दुखतं, एवढंच. काळजी करू नका, कंबरेला जपा, भावोजींच्या गार पाण्यावर नजर ठेवा. घरातल्या सगळ्यांना माझ्याकडून जे ज्याला योग्य ते, नमस्कार किंवा पापा.

तुमची घाबरट भावजय

ता. क. खरं तर हे पत्र एका कामासाठी लिहिलं, ते वर लिहायचं धैर्य झालं नाही. तुमच्या बंधूंना थोडे दिवस तुमच्याकडे बोलावून घ्याल का? त्या दिवसापासून ते रोज दुपारी माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन बसतात. घरून घडीची खुर्ची आणतात. विचारलं तर म्हणतात, "सहज. मोकळी हवा." मुलांनी त्यांना विचारलं, आज पाऊस पडेल का, तर यांनी आभाळाकडे बघून "छे, नाही पडणार" म्हणून सांगितलं. आता त्यांचा आणि वेधशाळेचा अंदाज रोज फळ्यावर शेजारी शेजारी लिहिला जातो, आणि ते रोज हरतात. हेडमास्तर त्यांना चहा पाठवतात. मला वर्गातून त्यांचं टक्कल दिसतं. शिकवणाऱ्या बाईनं किती सहन करायचं? तुमची तब्येत बरी नाही असं काहीतरी कळवा, म्हणजे ते लगेच निघतील. मी सांगितल्याचं कळू देऊ नका.

ता. क. २. वरचं खोडायला हवं होतं, पण शाई संपत आली आहे, आणि खाडाखोड केली की तुम्ही उजेडात धरून वाचता. त्यांना बोलावू नका. काल वर्ग चालू असताना ढग भरून आले. त्या दिवसापासून, कुणाला सांगितलेलं नाही, पण आभाळ दाटलं की मला फळ्याकडे वळता येत नाही. खिडकीकडे पाठ झाली की मान ताठते, खडू हातातून पडतो. मी मुलांकडे तोंड करून, हात मागं नेऊन लिहिते आणि अक्षर उताराला लागतं. पण काल खिडकीतून पाहिलं, तर ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते आणि मान वर करून नुसते बघत होते. तेसुद्धा घाबरलेले होते, वन्सं. ते घाबरले की खिशातला रुमाल काढतात आणि पुन्हा ठेवतात. मी फळ्याकडे वळले आणि अख्खा परिच्छेद सरळ ओळीत लिहिला.

हे त्यांना सांगू नका. सांगितलंत तर खुर्ची उचलून थेट वर्गात येऊन बसतील.